खोली राखलीस, म्हणजे करार केलास

चि. केतकी हिस,


तुझं पत्र पोचलं. म्युनिकच्या पाच रात्रींसाठी हॉटेल कसं निवडावं, बरोबर काय न्यावं, तिथे काय टाळावं, याची यादी तू मागितली आहेस. यादी करून देणं सोपं आहे, पण पंधरा कलमं पाठ करून गेलीस तर सोळाव्या प्रसंगी अडशील. त्यापेक्षा ही सगळी कलमं जिथून निघतात ती एक गोष्ट सांगतो. आपण आपल्याकडे हॉटेलात उतरतो तेव्हा खोलीच्या भाड्यात माणसंही धरलेली असतात: बॅग उचलणारा पोऱ्या, रात्री अकराला चहा आणून देणारा, आणि 'बघतो साहेब काहीतरी' म्हणणारा मॅनेजर. जर्मनीतल्या शहरात भाड्यात धरलेल्या असतात त्या अटी. अमुक तारीख, अमुक पलंग, अमुक वाजता खोली ताब्यात, अमुक वाजता किल्ली परत. जे ठरलंय ते न मागता मिळतं. जे ठरलेलं नाही ते काउंटरवर उभं राहून मागितलं तर बहुधा मिळत नाही. म्हणून विचारायचं ते सगळं निघण्याआधी विचारून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी सगळा त्याचा पुरावा समज.

पहिला पुरावा कायद्याचा. जर्मन कायदा हॉटेलच्या खोलीकडे मुख्यतः भाड्याच्या जागेसारखं पाहतो. तिथल्या नागरी संहितेचं ५३७ वं कलम सांगतं की भाडेकरूला स्वतःच्या अडचणीमुळे जागा वापरता आली नाही, तरी भाडं द्यावंच लागतं. मालकाचा जो खर्च वाचला, किंवा तीच खोली दुसऱ्याला देऊन जे पैसे मिळाले, तेवढेच वजा होतात. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते, पण तो हक्क ठरावीक तारखांच्या मुक्कामाला लागू नाही. आपल्या लोकांचा घोळ इथेच होतो. शेंगेन व्हिसाच्या अर्जाबरोबर राहण्याची सोय दाखवावी लागते, म्हणून घाईत सर्वांत स्वस्त दराची खोली घेतली जाते, आणि तो दर नेमका रद्द न होणारा असतो. तू मोफत रद्द होणारा दर घे. दोन दरांतला फरक हा विम्याचा हप्ता समज, आणि रद्द करण्याची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. तीच गोष्ट पोचण्याच्या वेळेची. मुंबईहून रात्री निघालेली विमानं तिकडे सकाळी उतरतात आणि खोली साधारण दुपारी तीनला मिळते. सामान रिसेप्शनवर ठेवून घेतात, पण ताई-भावोजींना पाठ टेकायला जागा हवी असेल तर लवकर खोली मिळेल का, जादा किती पडेल, हे आधी लेखी विचार. उलट उशिरा पोचणार असाल तर तेही कळव, कारण लहान हॉटेलांचं रिसेप्शन रात्री बंद होतं आणि दारावरच्या किल्लीच्या पेटीचा आकडा ई-मेलनेच येतो.

दुसरी गोष्ट निवडीची. आपण तारे मोजतो. जर्मनीत हे तारे तिथल्या हॉटेल-उपाहारगृह व्यावसायिकांची संघटना देते आणि ते घेणं ऐच्छिक आहे, त्यामुळे उत्तम चाललेलं एखादं हॉटेल बिनताऱ्याचंही असतं. शिवाय तारे मुख्यतः सोयींचे गुण मोजतात. खोली कोणत्या रस्त्यावर आहे आणि शेजारी काय आहे ते सांगत नाहीत. नावापुढे 'गार्नी' असेल तर तिथे न्याहारी मिळेल, रात्रीचं जेवण नाही. म्हणून ताऱ्यांपेक्षा दोन गोष्टी आधी बघ: दिनदर्शिका आणि रेल्वेचा नकाशा. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट नावाला ऑक्टोबरचा असला तरी सप्टेंबरच्या मध्यानंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपतो. तो भरतो ते टेरेजिएनवीजं मैदान मुख्य स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, आणि त्या दिवसांत त्याच खोलीचा दर कितीतरी पट चढतो. शहराच्या रीम भागातल्या प्रदर्शन केंद्रात भरणाऱ्या मोठ्या व्यापारी जत्रांचंही तसंच. बांधकाम यंत्रांची 'बाउमा' तीन वर्षांतून एकदा भरते, तेव्हा शहरभर खोली मिळणं मुश्कील. तुझ्या तारखा चार-सहा दिवसांनी सरकत असतील तर आधी त्या सरकव. वाचणारे पैसे कुठल्याही सवलतीच्या कूपनात वाचायचे नाहीत. जागा निवडताना मध्यवर्तीपणापेक्षा एस-बान या उपनगरी रेल्वेचं किंवा ऊ-बान या भुयारी रेल्वेचं स्टेशन पाच मिनिटांवर आहे की नाही ते पाहा. विमानतळावरून एस-१ आणि एस-८ या दोन गाड्या सुमारे चाळीस मिनिटांत शहरात आणतात. तुम्ही चौघं आहात, तेव्हा पाच मोठ्या माणसांपर्यंत चालणारं एक दिवसाचं गट-तिकीट घेतलंत तर सुटी तिकिटं काढण्यापेक्षा बरंच स्वस्त पडेल. स्टेशनवर अडवणारं फाटक नसतं, म्हणून तिकीट नुसतं खिशात ठेवून भागेल असं समजू नकोस. कागदी तिकिटावर तारीख-वेळ आधीच छापलेली नसेल तर फलाटाआधीच्या यंत्रात त्यावर ठसा उमटवावा लागतो. ठसा नसला तर साठ युरो दंड, आणि आपण परदेशी आहोत ही सबब चालत नाही.

आता खोलीत शिरू. दोघांच्या खोलीत एकच रुंद पलंग दिसेल, पण मधून हात फिरव, बोटाला फट लागेल. गाद्या दोन असतात, शेजारी शेजारी लावलेल्या. त्यावर दोन वेगळ्या रजया, घडी करून ठेवलेल्या, आणि वर पांघरायची वेगळी चादर नाही. उशी पुष्कळदा ऐंशी सेंटिमीटर लांब-रुंद, डोकं टेकताच खाली बसणारी. भावोजींची मान दुखते, तर त्यांची लहान उशी बरोबर घे. खिडकीची मूठ खाली असली की खिडकी बंद. आडवी केली की ती दारासारखी उघडते. वर फिरवली की वरची कड वीतभर आत कलते. पहिल्यांदा कलते तेव्हा खिडकी निखळली असं वाटून माणूस घाबरतो, पण हवा खेळवण्याची तिची ती नेहमीची रीत आहे. जुन्या इमारतींत एसी नसतो, तेव्हा उन्हाळ्यात हीच फट कामाची. भिंतीलगतच्या रेडिएटरच्या नळावर एक ते पाच आकडे असतात. तीन म्हणजे साधारण वीस अंश. बर्फाच्या चांदणीची खूण पाइपातलं पाणी गोठू नये एवढीच ऊब ठेवते, म्हणून थंडी वाजत असताना कुणाला हाक मारण्याआधी तो आकडा बघ. पाण्याची काळजी नको. म्युनिकला १८८३ पासून मांगफाल खोऱ्यातलं पाणी येतं आणि नळाचं पाणी सरळ पितात. केटल मात्र बऱ्याच खोल्यांत नसते. आपला मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटात बहुतेक बसतो, तीन गोल पिनांचा प्लग बसत नाही, म्हणून अडॅप्टर घे. आणि ताईला सांग, कुकर किंवा शेगडी नेऊ नकोस. खोलीत स्वयंपाकाला सहसा बंदी असते, आणि धुराची सूचना देणारं यंत्र फोडणीत आणि आगीत फरक करत नाही. अग्निशामक दल आलं तर त्याचा खर्च तुमच्या माथी बसू शकतो. सांगायचं एवढंच की ती खोली तुमच्या हाती सोपवलेली असते. ती कशी चालवायची ते पाहुण्यानं समजून घ्यावं ही अपेक्षा असते.

शहराचेही नियम खोलीबरोबर येतात. रिसेप्शनवर मेल्डेशाइन नावाचा नोंदणीचा कागद भरावा लागेल. १ जानेवारी २०२५ पासून जर्मन नागरिकांची त्यातून सुटका झाली, पण परदेशी पाहुण्यांना सही करावीच लागते आणि पासपोर्ट दाखवावा लागतो. यात संशय घेतल्यासारखं काही नाही, तो कायदाच आहे. बर्लिनलाही जाणार असशील तर तिथे मुक्कामावर शहराचा कर लागतो, २०२५ पासून साडेसात टक्के. म्युनिकच्या बिलात ती ओळ दिसणार नाही, कारण म्युनिक ज्यात येतं त्या बायर्न राज्याने २०२३ मध्ये आपल्या गावांना असा कर लावायला मनाई केली. रविवारी दुकानं बंद. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून १९१९ च्या वायमार राज्यघटनेत राखला गेला आणि तेच कलम आजच्या राज्यघटनेने जसंच्या तसं उचललं. इतर दिवशीही बायर्नमधली दुकानं रात्री आठला दार लावतात. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा दिवस. तो शनिवारी आला तर लागोपाठ दोन दिवस बाजार बंद. तेव्हा दूध, फळं, औषधं आदल्या दिवशी आण. अडलंच तर मोठ्या स्टेशनातली आणि विमानतळावरची दुकानं उघडी सापडतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, म्हणून मुंबईला व्हिडिओ कॉल करायचा तो त्याआधी.

आता तुझ्या मनातले आक्षेप. पहिला, आपण पैसे मोजतो आणि वर आपणच नियम पाळायचे? आपल्याकडे पाहुणा देव. खरं आहे, पण देवाची सेवा पुजाऱ्याच्या मर्जीवर चालते, आणि ओळख किंवा दक्षिणा नसलेला माणूस दारातच ताटकळतो. अटींचं हॉटेल ओळख विचारत नाही. मोठ्याने बोलणाऱ्याला आणि भीडस्त माणसाला एकच पलंग, एकच न्याहारी मिळते. परक्या देशात ज्याची ओळख नाही, भाषा नाही, त्याच्या फायद्याची हीच व्यवस्था आहे. शिवाय अटी हॉटेललाही बांधतात. गरम पाणी नसेल, हीटर बिघडला असेल, तर जर्मन कायद्यानुसार बिघाडाच्या प्रमाणात भाडं कमी होऊ शकतं, मात्र तो लगेच कळवायला हवा. सौजन्य म्हणून सोसून निघताना तक्रार केलीत तर ती लंगडी पडते. दुसरा आक्षेप, आंतरराष्ट्रीय साखळी हॉटेलं सगळीकडे सारखीच असतात, मग हे वाचायचं कशाला? साखळी गादी आणि टेबल सारखं ठेवते. रविवार, नोंदणीचा कागद, रद्द करण्याचा कायदा आणि रात्रीची शांतता ही त्या भूमीची असतात, साखळी कुठलीही असो.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा. जर्मन माणसंही काही घड्याळाची बाळं नाहीत, त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा उशीर हा तिथल्या लोकांचाच रोजचा विषय आहे. आणि ज्या प्रसंगाची अट कुणी लिहिलीच नाही तिथे ही व्यवस्था कोरडी वाटते. काउंटरवरचा माणूस 'हे होत नाही' म्हणतो आणि त्यात दिलगिरीचा सूर नसतो. हे मी मान्य करतो. आपल्या मॅनेजरचं 'बघतो काहीतरी' कित्येकदा माणसाला खरोखर तारतं, ते तिथे नाही. पण त्यावर तक्रार करत बसण्यापेक्षा प्रसंग आधीच अटीत बसवून घेणं आपल्या हातात आहे. न्याहारीचं उदाहरण घे. टेबलावर पाव, चीज, दही, म्यूसली, फळं मांडलेली असतात. ती पोटभर खाण्याचे पैसे तुम्ही दिलेत, दुपारसाठी बांधून नेण्याचे नाहीत. पिशवीत पाव टाकताना कुणी पाहिलं तर तो शब्द बोलणार नाही, पण मनात नोंद करील. तेच आदल्या दिवशी जेवणाचं पाकीट मिळेल का असं विचारलं, तर बरीच हॉटेलं रीतसर पैसे घेऊन ते करून देतात. भावोजींच्या शाकाहाराचंही तेच. पदार्थांपुढची अक्षरं किंवा आकडे ॲलर्जीसाठी असतात. युरोपीय नियमातल्या त्या चौदा घटकांत दूध, अंडं, मासे आहेत, पण मांस नाही. परतलेल्या बटाट्यात 'श्पेक', म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे असू शकतात, आणि ते ही अक्षरं सांगणार नाहीत. नाव घेऊन विचारावं लागतं. विचारलं की उत्तर सरळ आणि खरं मिळतं.

तेव्हा आज रात्रीच त्या हॉटेलला इंग्रजीत छोटं ई-मेल टाक. किती वाजता पोचणार ते लिही आणि पाच गोष्टी विचार: खोली लवकर मिळेल का, गादी एक की दोन, केटल आहे का, रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं, जेवणाचं पाकीट मिळतं का. उत्तर आलं की छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेव. आणि खोली झाडणाऱ्या बाईसाठी रोज एक-दोन युरोची नाणी टेबलावर ठेवायला विसरू नकोस. ती मात्र कुठल्याच अटीत लिहिलेली नसतात.

ताई-भावोजींना नमस्कार, मंदारला आशीर्वाद.

तुझा,
मामा