एकटीची होडी

आमची धाकटी लेक नोकरीनिमित्त कॅनडात आहे. मागच्या उन्हाळ्यात ऑन्टारिओतील अल्गॉनक्विन उद्यानात चार रात्री एकटीच होडीतून फिरणार, असे तिने कळवले आणि आम्ही दोघेही चिडलो. अस्वलांचे रान, आणि एकटी पोर! तिकडे फोनही लागत नाही. चार दिवस घास उतरला नाही.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. 1893 साली राखलेले ते जंगल, त्यात शेकडो तळी. एक तळे संपले की होडी खांद्यावर घेऊन पायवाटेने दुसरे गाठायचे. रात्री शिधा उंच फांदीला टांगायचा. पाणी उकळून प्यायचे.

"पप्पा, तळ्यात वाकून ओंजळ भरली आणि आजी आठवली."

आमची आई गावच्या विहिरीपासून लांब उभी राहायची. कोणी वरून ओतले तरच घागर भरायची. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते अशा ओंजळींसाठीच.

"भीती नाही वाटली?" तिच्या आईने विचारले.

"वाटली. तरी वल्हवत राहिले."

रागवायचे ठरवले होते, ते राहूनच गेले. बंधू-भगिनींनो, लेकीला अडवण्याआधी आपली भीती एकदा तपासून पाहा. जयभीम!