कार्डाचे पैसे कुठून कुठे जातात

भोरच्या बँकेतले साहेब म्हणाले, "ताई, दुकानात बसून विकणार असाल तर कार्डाचं मशीन देतो. वेबसाइटवर विकायचं तर पेमेंट गेटवे घ्यावा लागेल. कंपन्या बऱ्याच आहेत, बघा तुम्हीच." बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, ते विचारायचंही मला सुचलं नाही.

वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, मार्गासनीपासून वर सगळं भाताचं रान. आमच्या बचत गटातल्या बायका इंद्रायणी भरडून आणतात, निवडतात आणि पाच-पाच किलोच्या पिशव्या भरतात. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून काढलेला हा वाण पुण्यात हातोहात खपतो. गिऱ्हाइकं यूपीआयने पैसे टाकतात. ते लगेच जमा होतात आणि एक पैसाही कापला जात नाही. अडलं ते अमेरिकेतल्या एका दादांमुळे. कोथरूडला राहणाऱ्या आईवडिलांना त्यांना नेमाने तांदूळ पाठवायचा होता आणि पैसे क्रेडिट कार्डाने भरायचे होते. पुण्यातली काही घरंही कार्डाचं विचारत होतीच.

रेझरपे, पेयू, कॅशफ्री, सीसीॲव्हेन्यू अशी नावं समोर आली. सगळीकडे दोन टक्क्यांच्या आसपासचा आकडा. दोन टक्के काय, किरकोळच, असं वाटतं. मग मी वहीत एक ऑर्डर मांडली. हजार रुपयांचा तांदूळ. दोन टक्के म्हणजे २० रुपये. हाती येणार ९८० रुपये. पण भात, भरडाई, पिशवी आणि कुरियर वजा जाता हजारामागे गटाला शंभरेक रुपयेच उरतात. म्हणजे विक्रीतले दोन टक्के हा आमच्या कमाईतला जवळजवळ पाचवा हिस्सा झाला! हा हिशेब कुठल्याच कंपनीच्या पानावर नसतो, तो ज्याचा त्यानेच मांडावा लागतो.

यूपीआय फुकट आणि कार्डाला शुल्क, असं का? जानेवारी २०२० पासून सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं दुकानदाराचं शुल्क शून्य केलं. बाकीच्या डेबिट कार्डांना रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर ०.४० टक्के. क्रेडिट कार्डाला तशी मर्यादा नाही. त्यात गिऱ्हाइकाची बँक उधारी देते, व्हिसा किंवा मास्टरकार्ड निरोपाची ने-आण करतं, आमच्या बाजूची बँक असते आणि वर गेटवे. सगळ्यांचा वाटा त्याच दोन टक्क्यांत.

मला खरी धास्ती होती ती मधल्या काळाची. पैसे गिऱ्हाइकाकडून निघाले आणि आमच्याकडे पोचले नाहीत, तोवर ते कुणाकडे? नियमांनुसार अशा कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि लोकांचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. परवानगी असलेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. यादीत नाव नाही, ती कंपनी मी बाजूला केली. मग उरलेल्यांना फोन लावून तेच ते विचारलं: शनिवारी आलेले पैसे कधी मिळणार, परतावा दिला तर कापलेलं शुल्क परत देता का, आणि पैसे अडकले तर फोनवर माणूस भेटतो का? सोमवारी भात घालायला आलेल्या शेतकऱ्याला रोख द्यावी लागते, त्यामुळे पहिला प्रश्न आमच्यासाठी टक्क्यापेक्षा मोठा.

कागदपत्रांत मात्र गाडी रुतली. अर्जात मालकी, भागीदारी, प्रायव्हेट लिमिटेड असे रकाने. बचत गट कुठेच नाही. खातं गटाचं, पॅन माझं, नावं जुळेनात. शेवटी माझ्या नावाने उद्यम नोंदणी केली, ती मोफत आहे, आणि भोरला चालू खातं उघडलं. गटाच्या बैठकीत एका काकूंनी सरळ विचारलं, "पैसे तुझ्या खात्यात, मग आमचे कधी?" त्यांचं बरोबरच होतं. दर सोमवारी पैसे गटाच्या खात्यात वळते करायचे, असा ठराव लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. मला तो ठराव गेटवेच्या करारापेक्षा मोलाचा वाटतो.

चार्जबॅक हा प्रकार तर मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. माल मिळालाच नाही, असं गिऱ्हाइकाने आपल्या बँकेला कळवलं की पैसे परत ओढले जाऊ शकतात, आणि ठरलेल्या मुदतीत पुरावा आपण द्यायचा. म्हणून आता प्रत्येक पिशवी काट्यावर ठेवून फोटो काढते, आकडा आणि पत्त्याची चिठ्ठी दोन्ही दिसतील असा. कुरियरच्या पावतीसोबत तो जपून ठेवते.

परदेशी कार्डाला शुल्क जास्त, कागद वेगळे, आणि आपल्यासारखा ओटीपी तिकडे प्रत्येक वेळी मागतातच असं नाही, म्हणजे चार्जबॅकची जोखीमही जास्त. तो अर्ज मी भरलाय, मंजुरी यायची आहे. तोवर त्या दादांच्या कोथरूडच्या बाबांनीच यूपीआयने पैसे पाठवायला सुरुवात केली आहे. नवा तांदूळ भरडून यायच्या आत मंजुरी मिळाली, तर पहिली ऑर्डर त्यांच्या मुलाच्या कार्डावरची घेईन.