वाटणीची भिंत

आमच्या घरातला संगणक २०१२ सालचा. दादाच्या शिक्षणासाठी अण्णांनी घेतला, दादा शिकून पुण्याला गेला आणि संगणक ओटीवर म्हाताऱ्या माणसासारखा बसून राहिला. चालायचा, पण जगाशी त्याचा काही संबंध नव्हता. इंटरनेट म्हणजे माझा मोबाइल. त्याला रेंज यायची ती अंगणातल्या तुळशीपाशी. तिथं उभं राहून प्रकल्प कोण लिहिणार?

गेल्या वर्षी काकांकडे इंटरनेटची तार आली. काका म्हणजे भिंतीपलीकडचे. वाटणी झाली तेव्हा ओटीच्या मधोमध ही भिंत उठली आणि बोलणं थांबलं. तार इकडे ओढायची तर भिंतीला भोक पाडायला हवं. आणि त्या भिंतीला हात लावायचा नाही, हा दोन्ही घरांचा न लिहिलेला करार.

राहता राहिला बिनतारी मार्ग. तालुक्याला जाऊन मी वाय-फायचा अडॅप्टर आणला. अंगठ्याएवढी वस्तू, यूएसबीच्या खाचेत खोचायची. खोचली, पण आमच्या विंडोज ७ ला तिची ओळखच पटेना. या विंडोजची देखभाल कंपनीनं २०२० सालीच थांबवलेली. ओळख पटवणारा ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेटसाठीच तर ड्रायव्हर हवा! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. शेवटी कॉलेजातल्या संगणकावरून तो पेन ड्राइव्हमध्ये भरून आणला.

पडद्यावर काकांच्या राउटरचं नाव उमटलं, पण काडी एकच. अडॅप्टर पाठीमागे, पत्र्याच्या खोक्याआड दडला होता. त्याला यूएसबीची लांब वायर जोडून टेबलावर, भिंतीसमोर आणून ठेवला. दोन काड्या झाल्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून जाताना क्षीण होते, पण पार होते; ५ गिगाहर्ट्झची तिच्याआधी दमते. माणसांच्या लहरींचं गणित मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं.

कारण आता उरला होता पासवर्ड.

अण्णा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "तू जा. तुझं काय भांडण आहे?"

गेले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "पासवर्ड असा सांगत नसतात," एवढंच बोलले आणि पायांत चपला सरकवल्या.

किती वर्षांनी काका आमच्या ओटीवर आले! खुर्चीत बसून, एका बोटानं, एकेक अक्षर शोधून दाबू लागले. संगणक जोडला गेला. मी आनंदानं ओरडणार होते, पण ओटीवरच्या त्या शांततेत आवाजच फुटेना. काका उठायला लागले. एवढ्यात अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि आत हाक मारली,

"चहा टाक गं. बापू आलाय."

भिंत अजून तिथंच आहे. दोन काड्यांवर संगणक काही फार वेगानं चालत नाही. पण चालतो.