त्रास देणारा वाचक आणि कुलूपबंद कपाट

ग्रंथालय सुधारायचा विषय निघाला की आपण लगेच नवीन पुस्तकं, रंगवलेल्या भिंती, संगणक यांवर बोलायला लागतो. पण शाळेचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या कुणालाही बाजूला घेऊन विचारा, गाऱ्हाणं वेगळंच असतं. पुस्तकं परत येत नाहीत, पानं फाटतात, मुलं दंगा करतात. आणि यावर सगळ्यांना पाठ असलेला उपाय एकच, कपाटाला कुलूप!

आमच्याकडेही तो सुचवला गेला होता. बालभारती १९७१ पासून 'किशोर' मासिक काढते, ते तुम्हाला माहीत असेलच. आमच्याकडे त्याचा अंक आला की दोन दिवसांत कोड्यांची पानं गायब. शेवटी सातवीतला एक मुलगा सापडला. "त्याचं ग्रंथालय बंद करा, अंक आत ठेवा," असं बहुतेकांचं मत पडलं. ग्रंथालयाचं काम माझ्याकडे, म्हणून मी आधी त्याला विचारलं, "पानं केलीस काय?" त्याने दप्तरातून काढून दिली. नीट घडी घातलेली, प्रत्येक कोडं पेन्सिलीने सोडवलेलं. म्हणाला, "सर, तासाला कोडं पुरं होत नाही, आणि अंक घरी देत नाहीत."

खरंच होतं ते. मासिकं घरी न देण्याचा नियम केला कुणी, हे कुठल्याच वहीत सापडलं नाही!

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच सांगतं की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. ग्रंथपालाच्या परीक्षेत ते सगळे लिहितात, पण कपाटाची किल्ली हातात आली की विसरतात. आम्ही एवढंच केलं, अंक शनिवारी घरी द्यायचा, सोमवारी परत घ्यायचा आणि नवं कोडं फळ्यावर उतरवायचं. मुलाला मात्र स्पष्ट सांगितलं की फाडणं चालणार नाही. फाटलेली पानं त्यानेच खळ लावून चिकटवली.

दंडाचंही तसंच. पुस्तक हरवलं की मूल घाबरतं आणि ग्रंथालयात येणंच सोडतं, म्हणजे पुस्तकही गेलं आणि वाचकही गेला. एकदा एक पालक तावातावाने आले. "आमच्या पोराने पुस्तक कधीच दिलंय, तुम्हीच हरवलंत." अशा वेळी आवाज चढवून काही मिळत नाही. त्यांना बसवलं, पाणी दिलं, देवघेवीची वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. परतीच्या रकान्यात सही नव्हती. ते काही न बोलता गेले. चार दिवसांनी पुस्तक आलं, मामाच्या घरी राहिलं होतं म्हणे. त्यानंतर रोख दंड आम्ही बंदच केला. पुस्तक हरवलं तर तेवढ्याच किमतीचं दुसरं आणून द्या, मग ते मुलाने निवडलेलं असलं तरी चालेल.

पण सगळेच वाचक असे समजुतीने घेण्यासारखे नसतात. गावातल्या 'ड' वर्गाच्या वाचनालयाच्या समितीवरही मी आहे. तिथे एक आजोबा एक पेपर हातात आणि दुसरा मांडीखाली धरून बसायचे. पेपरची पानं सुटी करून मांडली, त्यांचा प्रश्न मिटला. अभ्यासिकेतला प्रश्न मात्र वेगळा होता. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींच्या समोर मुद्दाम येऊन बसणारा, जाता-येता बोलणारा एक तरुण. "घरचा चांगला आहे, समजावून सांगा," असं दोन सभासद म्हणत होते. एकदा समजावलं, पुन्हा तेच झालं. मग आम्ही मुलींची लेखी तक्रार घेतली, त्याचं म्हणणं ऐकलं, समितीत ठराव केला आणि सभासदत्व रद्द केलं. ठराव फलकावर लावला, मुलींची नावं न घालता. इथे गप्प बसलो असतो तर तो राहिला असता आणि मुली गेल्या असत्या. पोरीला पाठवायचं की नाही, हे आई-बाप एका अनुभवावरून ठरवतात, हे पालकांना मी वेगळं सांगायला नको.

येणं बंद केलेल्या तिघींपैकी दोघी पुन्हा यायला लागल्या आहेत. तिसरीचे वडील अजून तयार नाहीत. येत्या रविवारी मी आणि समितीतल्या एक बाई त्यांच्या घरी जाणार आहोत.