टाकं, टँक, टँकर

कोशकाम करणाऱ्याला अवघड शब्दांची भीती नसते, भीती असते ती सोप्या शब्दांची. अवघड शब्द एका अर्थावर गप्प बसतो. सोपा शब्द पिढी बदलली की पोटात नवा अर्थ घालून येतो. इंग्रजीतला ‘टँक’ हा त्यातला अस्सल नमुना. त्याच्या शोधात विलायतेला जायला नको. नेरूळहून गाड्या बदलत बोरिवली गाठली तरी पुरे.

तिथल्या कान्हेरीच्या लेण्यांत जागोजागी कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. कुणी लेणं दान दिलं, कुणी पोढी, अशी नोंद. पोढी हा शब्द बोलण्यातून गेला, वस्तू मात्र राहिली आणि पुढे टाकं म्हणून ओळखली जाऊ लागली. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांपाशी उभा राहणारा ट्रेकर ज्याला टाकं म्हणतो, ते हेच. संस्कृतात ‘टङ्क’ म्हणजे दगड फोडण्याची छिन्नी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, या म्हणीतली टाकी तीच. टाकीने खोदलं ते टाकं, हे नातं फार मोहाचं आहे. पण मोहाला पुरावा म्हणायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम.

कॅप्टन मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला, सुमारे चाळीस हजार शब्दांचा. १८५७च्या आवृत्तीत शब्द साठ हजारांच्या घरात गेले. त्यात ‘टांकें’ या नोंदीसमोर पाण्याचा साठा, कुंड असे अर्थ देता देता शेवटी इंग्रजी ‘टँक’ही येऊन बसतो. त्याआधी १७५५मध्ये सॅम्युअल जॉन्सनने लंडनमध्ये ‘टँक’ एका ओळीत निकालात काढला होता: मोठं कुंड, बस्स. जोडीला ड्रायडनच्या नाटकातला एक उतारा. भारताशी नातं सांगायची त्याला गरज वाटली नाही.

ती गरज वाटली हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांना. त्यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ साली आला. तो चाळताना ‘टँक’पाशी मी दर वेळी थांबतो, कारण एवढा जाणता कोशकार तिथे उघडपणे घोटाळलेला दिसतो. एका बाजूला पोर्तुगीज ‘तांक’, त्याचं मूळ साचलेल्या पाण्याच्या लॅटिन शब्दात. दुसऱ्या बाजूला गुजराती आणि मराठी टांकं. यूल एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला बाद करत नाहीत. दोन वाटांनी आलेला शब्द आमच्या किनाऱ्यावर एक झाला, असा त्यांचा कल. मला हा निवाडा आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो.

एकदा रुळल्यावर मात्र इंग्रजांनी हा शब्द सरसकट चालवला. मराठीत कातळात खोदलेलं ते टाकं, बांधलेला तो हौद, बांध घालून अडवलेलं ते तळं, पायऱ्यांनी खाली उतरायची ती बारव, देवळापुढची ती पुष्करणी. साहेबाच्या दप्तरात सगळ्यांवर एकच शिक्का: टँक. म्हणून वाळकेश्वरचं बाणगंगा टँक, गोवालिया टँकही टँक आणि सी. पी. टँकसुद्धा. गोवालिया टँकचं मैदान झालं, १९४२च्या ऑगस्टमध्ये तिथे ‘चले जाव’ची हाक उठली, तरी नावातलं पाणी आटलं नाही. खाडीच्या या बाजूला, आमच्या नेरूळकडे, शहर उभं राहिलं ते सिडकोच्या, म्हणजे १९७०नंतरच्या काळात. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवून धरायला नेरूळमध्ये जे जलाशय केले, ते कागदोपत्री धारण तलाव आणि फिरायला जाणाऱ्यांच्या तोंडी ‘होल्डिंग पॉण्ड’. शंभर वर्षं आधी बांधले असते तर त्यांचंही टँक झालं असतं.

आता शब्दाची सर्वांत मोठी उडी. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी ‘टँक’ची नोंद पहिल्या महायुद्धाआधीच छापून मोकळी केली होती. २६ जुलै १९१५ रोजी ते वारले. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये एक चिलखती गाडी घडत होती. गुपित फुटू नये म्हणून तिला पाण्याच्या टाकीचं नाव दिलं गेलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ती उतरली आणि लपवण्यासाठी घेतलेलं नाव जगभर तिचं खरं नाव झालं. हा अर्थ ऑक्सफर्डमध्ये यायला १९३३ची पुरवणी लागली. मराठीने हे सोंग नाकारलं आणि ‘रणगाडा’ असा रोखठोक शब्द घडवला. अहिल्यानगरच्या संग्रहालयात ओळीने उभे असलेले रणगाडे पाहणाऱ्याला आपण टाक्याचा वंशज पाहतोय, याची शंकाही येत नाही.

यातून मी एकच गोष्ट शिकलो. कोश अर्थ ठरवत नाही. त्या काळी लोकांसमोर कोणतं पाणी होतं, याची तो उशिरा नोंद करतो. म्हणून जुन्या कोशात ‘चूक’ शोधण्यापेक्षा त्याची तारीख आधी पाहावी.

आणि आज आपल्यासमोर कोणतं पाणी आहे? मोरब्याच्या धरणाचं पाणी पिणाऱ्या नेरूळकराला टाकी म्हणजे गच्चीवरची, फार तर मोटारसायकलची. मराठवाड्यात मात्र त्याच कुळातला ‘टँकर’ वेगळाच भार वाहतो. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे गेली तेव्हा दहा टाकीडब्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. ‘गावाला टँकर लागला’ असं तिथला माणूस म्हणतो तेव्हा तो वाहनाबद्दल बोलत नसतो; विहिरी आटल्या, तहसील कचेरीने ते मान्य केलं, आता दिवसाकाठी मोजके हंडे मिळतील, एवढं सगळं त्या तीन शब्दांत असतं. ‘टँकरमुक्त’ हे विशेषण तर इंग्रजीत सांगून कळणारही नाही. तेव्हा पुढच्या मराठी कोशात ‘टँकर’समोर ‘इं.’ एवढं लिहून भागणार नाही. ‘टँकर लागणे’ ही क्रिया वेगळी नोंदवावी आणि अर्थ सरळ लिहावा: दुष्काळ जाहीर होणे.