खुळखुळ्याचे झाड

पावसाळा सरता सरता आमच्या पनवेलच्या घरामागे खुळखुळा पिवळाधमक फुलला होता. पाहुणे येणार म्हणून मी तो तण समजून उपटला. “फुलावर आलेलं झाड कशाला उपटलंस?” सासूबाईंनी, अम्मींनी विचारले. “रान माजतं,” मी फटकन बोलले. त्या गप्प झाल्या.

उपटलेली झाडे कुंपणाशी वाळत पडली. तिसऱ्या दिवशी अम्मींनीच हाक मारली. सुकलेल्या पानांना काळी, निळसर ठिपक्यांची कितीतरी फुलपाखरे चिकटली होती.

वाचल्यावर उलगडा झाला. खुळखुळ्यात विषारी द्रव्य असते. गुरांना ते बाधते. या फुलपाखरांचे नर मात्र तेच शोषून घेतात. त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार होतो, शिवाय पक्षी त्यांना खायचे टाळतात. फुलांवर येतात ते मोठे काळे भुंगे. भुंगा बसला की वजनाने पाकळी दबते नि पराग त्याच्या अंगाला लागतो. हेच भुंगे आमच्या वालाच्या फुलांवरही येतात.

आपण लावलेल्या रोपातून पाखराने, जनावराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, ही हदीस मी वर्गात सांगते. घरामागे मात्र तिचा विसर पडला. मी अम्मींची माफी मागितली.

कोपऱ्यात एक झाड वाचले होते. त्याच्या शेंगा वाळून खुळखुळू लागल्या, तेव्हा अम्मींनी बिया डबीत भरून मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवल्या. पहिल्या पावसात आम्ही दोघी मिळून पेरू, इन्शाअल्लाह.