कापलेला कर, भरलेला कर

भाषाविषयांच्या अध्यापकवर्गात आयकराची चर्चा बहुधा वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या सुमारास होते. कार्यालयातून एक कागद फिरतो, आपण विम्याच्या पावत्या जोडतो, दाखविलेल्या जागी सही करतो आणि पुन्हा आपल्या ज्ञानेश्वरी-मर्ढेकरांकडे वळतो. पगारातून कर परस्पर कापला जातो, त्यामुळे आपला आणि सरकारचा हिशेब पुरा झाला अशी एक निश्चिंतता असते. ही निश्चिंतता किती ठिसूळ पायावर उभी आहे, हे मला २०१९ च्या डिसेंबरात कळले.

त्याआधी काही वर्षे मी एका विनाअनुदानित संस्थेत शिकवीत होते. संस्थेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. २०१७-१८ या वर्षी माझ्या वेतनातून दरमहा कर कापला गेला; वेतनपत्रकावर तो रकाना स्वच्छ दिसतो. पण कापलेली रक्कम संस्थेने सरकारजमा केलीच नाही. विवरणपत्रात मी ती रक्कम दाखविली, बंगळुरूच्या संगणकीय केंद्राने ती आपल्या नोंदीशी, म्हणजे फॉर्म २६एएसशी, ताडून पाहिली, आणि तेथे शून्य असल्याने शून्यच मान्य केले. परिणामी शहाऐंशी हजारांची मागणी, तिच्यावर व्याज, आणि तीस दिवसांची मुदत. पत्र इंग्रजीत होते. त्यात कोणताही आरोप नव्हता, कोणतेही विशेषण नव्हते. वाङ्मयीन दृष्ट्या पाहता इतके निर्विकार गद्य मी क्वचितच वाचले असेल.

आम्हा सातजणांना अशी पत्रे आली. त्यांतल्या दोघींनी आठवड्याभरात पैसे भरून टाकले. एकीने मंगळसूत्र सोडून उरलेले सोने गहाण ठेवले होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. "सरकारशी कोण भांडणार?" हा त्यांचा युक्तिवाद. त्यात भीती होती तितकीच लाजही होती. आयकराची नोटीस आली म्हणजे आपण काहीतरी लपविले असणार, असे शेजारीपाजारी धरून चालतात, आणि मग आपणही तसे धरून चालू लागतो.

मी प्रथम गेले ती आमच्या परिचयाच्या सनदी लेखापालांकडे. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज भरला. तो कलम १५४ खालचा अर्ज पुन्हा त्याच संगणकाकडे गेला आणि त्याच शून्यापाशी अडला. "नोंदच नाही म्हटल्यावर मॅडम, भरून टाकलेले बरे," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. लहान रकमेसाठी मोठा खटाटोप करू नये, हा त्या व्यवसायाचा शहाणपणा आहे. पण एकदा दिलेला कर दुसऱ्यांदा देण्यास मन तयार होईना. पुढे एका सहकाऱ्यांनी करविषयक कामे करणाऱ्या एका वयोवृद्ध वकिलांचे नाव सुचविले. (आयकर अधिकाऱ्यापुढे आपल्या वतीने कोणी उभे राहावे याची यादी १९६१ च्या कायद्यातील कलम २८८ मध्ये आहे. त्यात वकील आणि सनदी लेखापाल आहेतच, पण नातेवाईकही आहेत. यजमानांनी त्याबाबत तत्काळ असमर्थता व्यक्त केली, हे नमूद करून पुढे जाते.)

वकीलसाहेबांनी माझे कागद बाजूला ठेवले आणि कायद्याचे पुस्तक उघडून दोन कलमे माझ्यापुढे सरकविली. म्हणाले, "तुम्ही साहित्य शिकवता ना? मग वाचा. फरक सांगा."

पहिले कलम १९९. त्यानुसार उत्पन्नातून कापलेला *आणि* केंद्र सरकारकडे भरलेला कर हा त्या करदात्याने भरला असे मानले जाते. दुसरे कलम २०५. ज्या उत्पन्नावर मुळातच कर कापावयाचा असतो, त्यातून जेवढा कर कापला गेला तेवढ्यापुरते करदात्याला स्वतः कर भरण्यास सांगता येत नाही, असे ते कलम म्हणते. मी दोनदा वाचले. दुसऱ्या कलमात 'भरलेला' हा शब्द नाही.

एका शब्दाच्या अनुपस्थितीवर सारा अर्थ उभा आहे, असा अनुभव कवितेच्या तासाला अनेकदा येतो. तो येथे आला. संगणक १९९ वाचतो: जमा नाही, तर श्रेय नाही. २०५ मात्र कापले जाण्याच्या क्षणापाशी थांबते. पगारातून पैसे गेले, तेथे नोकरदाराचे कर्तव्य संपले; पुढे मालकाने ते कोठे नेले याचा जाब त्याला विचारायचा नाही. मालक हा त्या अर्थाने सरकारचा वसुली कारकून आहे, आणि कारकुनाने पैसे खाल्ले तर रयतेकडून पुन्हा घेऊ नयेत, हे न्यायाचे साधे तत्त्व त्या वगळलेल्या शब्दात दडले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली नेमक्या अशाच, मालकाने वेतनातून कापून न भरलेल्या कराच्या प्रकरणात वसुली कर्मचाऱ्याकडून करता येणार नाही असा निर्णय दिला होता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही १ जून २०१५ रोजी आणि पुन्हा ११ मार्च २०१६ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना अशा मागण्यांची सक्तीची वसुली न करण्याविषयी कळविले होते. म्हणजे माझे पत्र येण्याच्या पुष्कळ आधी उत्तर लिहिले गेले होते. ते पत्रासोबत येत नाही, एवढेच.

येथे नानी पालखीवालांची आठवण होणे अपरिहार्य आहे. भारतीय आयकर कायद्यावरचा त्यांचा आणि जमशेदजी कांगा यांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानला गेला. पण पालखीवाला मुळात इंग्रजी साहित्याचे एम. ए.; मुंबई विद्यापीठात अध्यापकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला होता, ती मिळाली नाही म्हणून ते कायद्याकडे वळले. ही हकीकत आपण गमतीने सांगतो. मला आता ती तितकीशी योगायोगाची वाटत नाही. शब्द कोठे आहे आणि कोठे नाही हे पाहण्याची सवय दोन्हीकडे एकच लागते. आपल्याकडे तिचे बक्षीस कमी, एवढाच फरक.

मात्र वाचन पुरेसे नव्हते. कर खरोखर कापला गेला हे सिद्ध करण्याचे ओझे माझ्यावरच होते, आणि संस्थेने फॉर्म १६ दिलाच नव्हता. तेव्हा बारा महिन्यांची वेतनपत्रके, बँकेत जमा झालेल्या निव्वळ रकमेचा उतारा, नेमणुकीचे पत्र, संस्थेला पाठविलेल्या नोंदणीकृत पत्रांच्या पोचपावत्या आणि एक प्रतिज्ञापत्र, असा संच तयार झाला. वेतनपत्रकातील ढोबळ वेतन वजा कपात बरोबर बँकेत जमा, हे समीकरण प्रत्येक महिन्याला जुळले, हाच खरा पुरावा. माझ्या बारा पत्रकांपैकी एक हरवले असते तर? वकीलसाहेब म्हणाले, "तर त्या महिन्यापुरते गप्प बसायचे." पोर्टलवर मागणीशी असहमती नोंदविली, आणि संगणकाला टाळून थेट आमच्या अधिकारक्षेत्रातील निर्धारण अधिकाऱ्याकडे कलमे आणि परिपत्रके जोडून निवेदन दिले. टीडीएस शाखेकडे संस्थेविरुद्ध स्वतंत्र तक्रार गेली. कापलेला कर न भरल्यास मालकावर दरमहा दीड टक्का व्याज लागते आणि कलम २७६बी खाली सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती, ही गोष्ट तोवर आम्हा सातजणांपैकी कोणालाच ठाऊक नव्हती. संस्थेला अर्थातच ठाऊक असणार.

वसुली थांबली, मागणी मात्र नोंदीत राहिली, आणि पुढील दोन वर्षांचे माझे परतावे तिच्यात परस्पर वळते झाले. सक्ती करायची नाही, पण हाती आलेले पैसे ठेवून घ्यायचे! दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली अशा वळते करण्यालाही अप्रत्यक्ष वसुली ठरविले, तो निर्णय जोडून आम्ही पुन्हा लिहिले. त्यानंतर दुरुस्तीचा आदेश निघाला आणि परतावे परत आले. वकीलसाहेबांनी फी घेतली ती सात हजार. पैकी अर्धी त्यांनी टायपिस्टला दिली असावी असा मला संशय आहे.

अशा गाऱ्हाण्यांसाठी आयकर लोकपाल नावाचे एक पद होते, वकिलाविना तेथे जाता येत असे. २०१९ साली सरकारने ते बंद केले. आता तक्रार पोर्टलवर करायची. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न पाहता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, ही माहितीही मला प्रकरण संपल्यावर मिळाली. २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने १ एप्रिल २०२६ पासून कलमांचे क्रमांक बदलले, 'मागील वर्ष' आणि 'निर्धारण वर्ष' यांच्या जागी एकच 'कर वर्ष' आणले; आधीच्या वर्षांची प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याने चालतात.

ज्या दोघींनी पैसे भरले होते, त्यांतल्या एकीने विषय पुन्हा काढायचा नाही असे ठरविले. दुसरीला, जिने सोने गहाण ठेवले होते तिला, मी वकीलसाहेबांकडे घेऊन गेले. कलम २६४ खाली आयुक्तांकडे पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो. मुदत एक वर्षाची, ती केव्हाच उलटून गेलेली. विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, त्यासाठी कारण द्यावे लागते. अर्जात काय कारण लिहायचे यावर आम्ही तिघे बराच वेळ बसलो. ती म्हणाली, "घाबरले होते, असे लिहा." वकीलसाहेबांनी ते कायद्याच्या भाषेत घातले, मग खोडले, आणि तिचेच शब्द ठेवले. अर्ज दाखल आहे; अद्याप त्यावर आदेश झालेला नाही.